चेकवरचं नाव

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. मेलबॉक्समध्ये किराणा दुकानाची कूपन्स आणि पाण्याचं बिल यांच्यामध्ये एक पातळसं पाकीट होतं, इतकं साधं की मी ते बाकीच्या कागदांबरोबर रिसायकलिंगच्या डब्यात टाकणारच होते. उघडलं तर आत चेक. ९४ हजार २०० डॉलर आणि वर काही सेंट. माझ्या पहिल्या नोकरीचे, २००० ते २००५ या पाच वर्षांत पगारातून कापून ठेवलेले आणि त्यानंतर वीस वर्षं कुठेतरी एकटेच वाढत राहिलेले पैसे. मी किचनमध्ये उभी राहून तो चेक तीनदा वाचला. त्यावर माझं नाव होतं पण चेक माझ्या नावावर नव्हता. ज्या कंपनीत मी आयआरए नावाचं नवीन रिटायरमेंट खातं उघडलं होतं तिचं नाव पहिलं, मग एफबीओ ही तीन अक्षरं, आणि मग माझं नाव. एफबीओ म्हणजे फॉर द बेनिफिट ऑफ. हिच्या हितासाठी. म्हणजे मी हा चेक घेऊन बँकेत गेले तरी मला एक डॉलर मिळणार नाही, तो फक्त माझ्या रिटायरमेंटच्या खात्यातच जाऊ शकतो, आणि त्या तीन अक्षरांमुळेच सरकार त्यातून टॅक्स कापून घेत नाही.

हे सगळं मला सहा महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. न्यू जर्सीत पंचवीस वर्षं राहून, दर एप्रिलला टॅक्स भरून, मुलीच्या कॉलेजचे फॉर्म भरून सुद्धा माहीत नव्हतं. म्हणून लिहितेय, कारण माझ्या ओळखीत निदान दहा घरं अशी आहेत जिथे नवऱ्याची दोन आणि बायकोची तीन जुनी ४०१ के खाती, म्हणजे नोकरीतून उघडलेली रिटायरमेंटची खाती, कुठे कुठे पडलेली आहेत आणि कोणाला पासवर्ड आठवत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये माझी नोकरी गेली. पंधरा वर्षं तिथे होते. पंधरा मिनिटांचा कॉल झाला आणि संध्याकाळी एचआरचं एक लांबलचक ईमेल आलं, त्यात सेव्हरन्स म्हणजे नोकरी गेल्यावर मिळणारे पैसे, इन्शुरन्स आणि शेवटी एक ओळ की तुमच्या ४०१ के बाबत तुमच्याकडे पर्याय आहेत. पहिला महिना मी ते ईमेल उघडलंच नाही. मग एका रविवारी नवरा म्हणाला, अगं तुझं हे एक झालं, आधीच्या दोन कंपन्यांचं काय? आणि मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले, कारण आधीच्या दोन कंपन्यांचं काय हे मला खरंच सांगता येत नव्हतं.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत आपल्यासारखा पीएफ नाही. आपल्याकडे आता युएएन आहे, २०१४ पासून, एकच नंबर आयुष्यभर, नोकरी बदलली तरी तोच. इथे प्रत्येक कंपनीचा वेगळा ४०१ के प्लॅन, वेगळी वेबसाइट, वेगळा पासवर्ड, आणि तुम्ही नोकरी सोडली की पैसे तुमच्या मागे येत नाहीत, तुम्ही जाऊन आणायचे. आणायचे म्हणजे एकतर नव्या कंपनीच्या ४०१ के मध्ये न्यायचे, नाहीतर आयआरए म्हणजे स्वतःच्या नावाचं रिटायरमेंट खातं उघडून त्यात न्यायचे. याला रोलओव्हर म्हणतात. जिथे आहेत तिथेच ठेवायचीही मुभा असते. आणि चौथा मार्ग म्हणजे सरळ काढून खर्च करायचे, जो साडेएकोणसाठ वर्षांच्या आत घेतला तर इन्कम टॅक्स आणि वर १० टक्के दंड.

चौथ्या मार्गाबद्दल मला लहानपणापासून माहिती आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरमधल्या फाउंड्रीत मोल्डर होते. आयुष्यात त्यांनी तीन फाउंड्रीत काम केलं आणि दोनदा नोकरी बदलताना पीएफ काढला. पहिल्यांदा घरावर स्लॅब टाकायला, दुसऱ्यांदा ताईच्या लग्नाला. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही, स्लॅब नसता तर पावसाळ्यात आम्ही कुठे झोपलो असतो, पण त्यामुळे तिसऱ्या फाउंड्रीत हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू झाला, आणि १९९६ साली ते अचानक गेले तेव्हा शिल्लक फार नव्हती. आणि जी होती तिच्या कागदावर नॉमिनी म्हणून माझ्या आजीचं नाव होतं. आजी त्याच्या चार वर्षं आधीच गेलेली. आप्पांनी फॉर्म कधी भरला, कोणी भरून घेतला, बदलायचा राहिला की बदलायचा असतो हेच त्यांना कोणी सांगितलं नाही, काही कळायला मार्ग नव्हता. आई चौदा महिने खेपा घालत होती. कॅरीबॅगमध्ये कागद, त्यात दोन मृत्यूचे दाखले, एक सासूचा आणि एक नवऱ्याचा, केएमटीच्या बसने जायची आणि संध्याकाळी येऊन पिशवी खुंटीला अडकवायची. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. शेवटी एक्केचाळीस हजार मिळाले.

म्हणून २००० च्या शेवटी मी इथे आले, एच वन बी व्हिसावर, एकटी, सव्वीस वर्षांची, आणि एचआरच्या बाईंनी बाकीच्या कागदांबरोबर ४०१ के चा फॉर्म दिला तेव्हा बेनिफिशिअरी, म्हणजे आपल्याकडचा नॉमिनी, या रकान्यात मी न थांबता आईचं पूर्ण नाव लिहिलं. नातं, मदर. पत्ता कोल्हापूरचा. तेव्हा आमच्यातले निम्मे लोक ४०१ के घेतच नव्हते, तीन वर्षांनी परतच जायचंय मग कशाला पैसे अडकवायचे असा सगळ्यांचा हिशेब, आणि मी पण फॉर्म भरूनही पहिले काही महिने पैसे टाकले नव्हते. मग एका वयस्कर सहकाऱ्याने समजावलं की तू जेवढे टाकशील त्यावर कंपनी स्वतःचे टाकते, ते न घेणं म्हणजे पगाराचा तुकडा टेबलावर सोडून जाणं. त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

दुसऱ्या नोकरीची गोष्ट मात्र आठवली की आजही वाईट वाटतं. २००५ मध्ये जॉइन झाले, मुलगी एक वर्षाची, डे केअरचा खर्च घरभाड्याइतका, म्हणून अगदी थोडे पैसे टाकत होते. कंपनी तिचे टाकायची पण तिथे वेस्टिंग होतं तीन वर्षांचं. वेस्टिंग म्हणजे कंपनीने टाकलेले पैसे खरोखर तुमचे कधी होणार त्याची मुदत, काही ठिकाणी दरवर्षी थोडे थोडे होतात, काही ठिकाणी तीन वर्षं भरली की एकदम सगळे आणि त्याच्या आदल्या दिवशी सोडलंत तर शून्य. मी दोन वर्षं दहा महिन्यांनी सोडलं. दोन महिने! मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, आणि आता विचारते आहे कोणी सोडायला निघालं की पहिला प्रश्न हाच, वेस्टिंगची तारीख बघितलीस का.

तर ही दुसरी नोकरी सापडेचना. कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतलेली, तिला तिसरीने, जुना लॉगिन मेलेला, फोन केला तर तुमचं खातं आमच्याकडे नाही. २०२२ मध्ये एक कायदा झाला, सिक्युअर टू पॉइंट ओ म्हणतात त्याला, त्यात लेबर डिपार्टमेंटला सांगितलं होतं की अशा हरवलेल्या रिटायरमेंट खात्यांसाठी शोधायची सोय करा, आणि डिसेंबर २०२४ च्या शेवटी ती सुरू झाली, नावच लॉस्ट अँड फाउंड. जानेवारीत मी त्यात माझा सोशल सिक्युरिटी नंबर टाकला आणि जुन्या कंपनीचा प्लॅन आता कोणाकडे आहे ते समोर आलं. तिथून फोन करत करत कळलं की माझी शिल्लक पाच हजारांच्या आत होती म्हणून आणि मी पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून त्यांनीच माझ्या नावाने एक आयआरए उघडून पैसे तिकडे ढकलले होते. कायद्याने हे करता येतं. तेव्हा मर्यादा पाच हजार होती, २०२४ पासून सात हजार केलीय. पत्र अर्थातच आमच्या जुन्या अपार्टमेंटला गेलेलं. २००८ मध्ये तिथे ३,८०० डॉलर गेले होते. सोळा वर्षांनी ३,१८५ निघाले. कारण असं ढकललेलं खातं अगदी सुरक्षित जागी ठेवतात, जिथे व्याज नावापुरतं, आणि दरवर्षी फी मात्र कापली जाते. त्याच सोळा वर्षांत अमेरिकेचा शेअर बाजार कितीतरी पट वर गेला. रकमेपेक्षा मला त्या काळाचं जास्त लागलं, पाळणाघरात सहा वाजता पोचायला धावत निघायचे ते दिवस आणि त्यातून बाजूला काढलेले ते पैसे, आणि ते तिथे बसून झिजत होते आणि मला पत्ता नव्हता.

मध्येच एक आठवण सांगते. मुलगी इंडियानात शिकते, २०२२ मध्ये तिला सोडायला गेलो तेव्हा वाटेत साउथ बेंडला थांबलो होतो. तिथे स्टुडबेकरचं म्युझियम आहे. स्टुडबेकर म्हणजे १८५२ पासूनची कंपनी, आधी घोडागाड्या करायचे, मग मोटारी. नवऱ्याला गाड्यांचं वेड म्हणून गेलो होतो, मी आपली कॉफी पीत बसले असते, पण तिथल्या कारखान्याचे जुने फोटो बघताना मला आमचं उद्यमनगरच आठवलं आणि घरी आल्यावर मी त्या कारखान्याबद्दल वाचत गेले. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद झाला. पेन्शन होतं, पण पेन्शन फंडात पुरेसे पैसे नव्हते. साठीच्या पुढच्यांना पूर्ण मिळालं. चाळीस ते साठमधले चार हजारांच्या आसपास कामगार, ज्यांची दहा वर्षं भरली होती, त्यांना हक्काच्या साधारण १५ टक्के मिळाले. त्याहून तरुण होते त्यांना काहीच नाही. या प्रकरणाने देशभर इतका गदारोळ झाला की अकरा वर्षं लागली पण शेवटी १९७४ मध्ये एरिसा नावाचा कायदा झाला, प्रेसिडेंट फोर्डनी लेबर डेच्या दिवशी सही केली, २ सप्टेंबर. वेस्टिंगच्या मर्यादा त्यातून आल्या. आणि आयआरए पण त्याच कायद्यातून आलं! ज्यांना नोकरीत पेन्शन नाही त्यांना स्वतःचं खातं उघडता यावं आणि नोकरी सोडताना पेन्शनचे पैसे टॅक्स न भरता तिकडे नेता यावेत म्हणून. ४०१ के नंतरचं, १९७८ च्या टॅक्स कायद्यातलं एक कलम, ज्याचा असा उपयोग होऊ शकतो हे १९८० च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातल्या टेड बेना नावाच्या बेनिफिट्स कन्सल्टंटच्या लक्षात आलं. म्हणजे मी जो फॉर्म भरत होते तो कुठेतरी साउथ बेंडच्या चाळिशीतल्या कामगारांनी भरलेल्या किमतीतून आलाय. आप्पा त्यांच्यातलेच वाटतात मला, हातावर वाळूचा आणि कोळशाचा वास असलेले.

बरं, आता चेककडे येते, कारण सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. पहिल्या नोकरीच्या प्लॅनला फोन लावला तेव्हा पलीकडच्या मुलीने अगदी गोड आवाजात विचारलं, पैसे तुम्हाला पाठवू की थेट नव्या खात्यात? आणि हे दोन पर्याय तिने अशा एका सुरात विचारले की जणू चहा की कॉफी. मी आदल्या रात्री वाचलं नसतं तर म्हटलं असतं मला पाठवा, मी टाकते खात्यात, त्यात काय. तर त्यात हे की चेक माझ्या नावावर निघाला तर त्यांना २० टक्के कापून सरकारकडे भरावेच लागतात, त्यात त्यांच्या हातात काही नाही. माझ्या ९४ हजारांतले १८,८०० गेले असते आणि हातात ७५,२०० आले असते. मग ६० दिवसांत मी नव्या खात्यात पूर्ण ९४ हजार टाकायचे, म्हणजे कापलेले १८,८०० माझ्या खिशातून घालायचे, आणि ते टॅक्स रिटर्न भरल्यावर परत मिळणार. नोकरी गेलेल्या बाईने १८,८०० कुठून आणायचे? नाही घातले तर तेवढे पैसे मी काढून खर्च केले असं धरून त्यावर इन्कम टॅक्स आणि वर १,८८० डॉलर दंड. आणि ६० दिवस चुकले तर सगळीच रक्कम त्यात. म्हणून थेट, डायरेक्ट रोलओव्हर, हेच शब्द म्हणायचे. काही प्लॅन पैसे इलेक्ट्रॉनिक पाठवतात, काही अजून कागदी चेकच पाठवतात आणि तोही तुमच्या घरी, पण त्यावर नव्या कंपनीचं नाव आणि एफबीओ असेल तर तो थेटच धरला जातो, नुसता तुमच्या हातून जातो इतकंच. पुढच्या जानेवारीत १०९९-आर नावाचा फॉर्म येतो, त्यात कोड जी असतो, म्हणजे थेट गेलं, टॅक्स शून्य. तरी रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. आणि साधं ४०१ के साध्या आयआरए मध्ये, रॉथचं, म्हणजे आधीच टॅक्स भरलेल्या पैशांचं, रॉथमध्ये. साध्यातून रॉथमध्ये नेलंत तर त्या वर्षी पूर्ण रकमेवर टॅक्स, ते चालतं पण समजून उमजून करायचं.

आता नेहमी आयआरए मध्येच न्यावं का, तर नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतेय कारण आमच्या ओळखीत एका मैत्रिणीच्या घरी याने खूप त्रास झाला. तिच्या नवऱ्याचा लेऑफ झाला छप्पन्नाव्या वर्षी. आठवड्याच्या आत कोणीतरी घरी आलं, अतिशय सज्जन बोलणारा, त्याने सगळं ४०१ के आयआरए मध्ये हलवून दिलं. वर्षभर नोकरी मिळाली नाही आणि पैसे काढायची वेळ आली तेव्हा कळलं की ज्या वर्षी तुम्ही ५५ पूर्ण करता त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडली असेल तर त्याच कंपनीच्या ४०१ के मधून दंडाशिवाय काढता येतं, पण एकदा ते आयआरए मध्ये गेलं की ही सवलत संपली, मग साडेएकोणसाठच्या आत १० टक्के. ती मैत्रीण माझ्याकडे येऊन रडली होती. त्या माणसाने काही बेकायदेशीर केलं नव्हतं, फक्त सांगितलं नाही. २०२४ मध्ये लेबर डिपार्टमेंटने नियम केला होता की असा एकदाच दिलेला रोलओव्हरचा सल्ला सुद्धा गिऱ्हाइकाचं हित बघूनच द्यावा लागेल, आणि टेक्सासमधल्या कोर्टांनी तो लागू व्हायच्या आधीच थांबवला. म्हणजे अशा वेळी तुमचं हित बघायला टेबलापाशी फक्त तुम्हीच असता. माझं वय पन्नास, त्यामुळे मला त्या सवलतीचा प्रश्नच नव्हता. पण माझ्या नवऱ्याचं चालू कंपनीतलं ४०१ के आम्ही अजिबात हलवणार नाही, उद्या काही झालं तर ते तिथेच लागेल.

फी पण बघावी लागते. मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये कधी कधी इतके स्वस्त फंड असतात की बाहेर तसे मिळत नाहीत, आणि लहान कंपन्यांच्या प्लॅनमध्ये उलट, फी इतकी की डोळे पांढरे. एक टक्का म्हणजे काय हे मला कधी कळलं नव्हतं म्हणून एकदा वहीत मांडलं. एक लाख डॉलर, वीस वर्षं, ७ टक्क्यांनी वाढले तर ३ लाख ८७ हजार होतात. फी एक टक्का जास्त म्हणून ६ टक्क्यांनी वाढले तर ३ लाख २१ हजार. ६६ हजारांचा फरक, आणि तो कोणत्याही स्टेटमेंटवर ओळ म्हणून दिसत नाही. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये फी जास्त होती, नव्या आयआरए मध्ये साधा इंडेक्स फंड घेतला तर नगण्य. तिथे निर्णय सोपा होता.

बाकी दोन गोष्टी पटकन. बॅकडोअर रॉथ करणाऱ्यांनी, म्हणजे साध्या आयआरए मधून वळसा घालून रॉथमध्ये पैसे नेणाऱ्यांनी, साध्या आयआरए मध्ये पैसे आणण्याआधी सीपीएला म्हणजे टॅक्सच्या अकाउंटंटला विचारा, हिशेब बिघडतो. आणि डॉक्टर वगैरे, ज्यांच्यावर खटल्याची भीती असते, त्यांनी हे लक्षात घ्यावं की ४०१ के ला केंद्राच्या कायद्याचं संरक्षण भक्कम आहे, आयआरए ला दिवाळखोरीत आहे पण त्याबाहेर राज्याराज्याप्रमाणे बदलतं.

कायमचं परत जाणाऱ्यांसाठी मात्र जरा थांबते, कारण पुण्याला परतलेल्या आमच्या एका जोडप्याने हे सगळं तिकडे जाऊन करायचं ठरवलं आणि पत्ता भारताचा दिसल्यावर नवीन खातंच उघडून मिळेना. इथल्या बऱ्याच कंपन्या परदेशी पत्त्यावर खातं उघडत नाहीत. जे काही गोळा करायचं ते विमानात बसण्याआधी. आणि भारतात गेल्यावर तिथल्या टॅक्सचं, तर २०२१ च्या बजेटमध्ये ८९ए हे कलम आलं, त्यात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या अशा खात्यांवर भारतात दरवर्षीच्या वाढीवर टॅक्स न लावता पैसे काढाल तेव्हा लावायची मुभा मिळाली, पण त्यासाठीचा फॉर्म वेळेत भरावा लागतो. दोन्ही देशांचं कळणारा माणूस गाठा.

चेक मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन दिला. पोस्टाने पाठवायची हिंमत झाली नाही. चार दिवसांनी खात्यात दिसला आणि मला वाटलं झालं. झालं नव्हतं. पैसे आले म्हणजे नुसते रोख येऊन बसतात, ते गुंतवायचे आपण. कोणी आठवण करत नाही. माझी जाऊ, दिराची बायको, तिने २०१६ मध्ये रोलओव्हर केला आणि २०२३ मध्ये बघितलं तर सात वर्षं सगळे पैसे रोख. मला फोनवर सांगताना तिचा आवाज बसला होता. त्यामुळे मी त्याच दिवशी, संध्याकाळी, चहा बाजूला ठेवून ते काम पूर्ण केलं.

आणि मग बेनिफिशिअरीचं पान.

हे मी शेवटी ठेवलं होतं. नवीन खात्यावर भरायचं होतं म्हणून जुन्या खात्यावर काय आहे ते बघावं म्हणून मी पहिल्या प्लॅनच्या वेबसाइटवर गेले, खातं शून्यावर आलेलं पण पान अजून उघडत होतं, आणि तिथे आईचं नाव होतं. पूर्ण नाव, आप्पांचं नाव मध्ये, आडनाव, मदर, शंभर टक्के. पत्ता कोल्हापूरचा, गल्लीचं स्पेलिंग चुकलेलं जसं मी २००० मध्ये घाईत लिहिलं होतं. माझं लग्न २००२ मध्ये झालं. आई २०१७ मध्ये गेली. कंपन्या बदलल्या, वेबसाइट बदलल्या, तीन वेळा खातं इकडून तिकडे गेलं आणि दर वेळी ते नाव पण बरोबर गेलं. नॉमिनीच्या कागदासाठी आईने चौदा महिने बसने खेपा घातलेल्या मी बघितल्या होत्या आणि मीच चोवीस वर्षं तो फॉर्म बदलला नव्हता. मी बराच वेळ तशीच बसले होते.

मला काही झालं असतं तर? हे मी नंतर नीट शोधलं. ४०१ के मध्ये लग्न झालेलं असेल तर कायद्याने नवरा किंवा बायकोच वारस, दुसरं नाव घालायचं तर त्यांची नोटरीसमोर किंवा प्लॅनच्या माणसासमोर सही लागते, म्हणजे आईचं नाव असूनही पैसे नवऱ्याला गेले असते. आयआरए मध्ये हे कवच नाही. काही राज्यांचे नियम वेगळे आहेत, पण एरवी फॉर्मवर जे नाव तेच, तिथे मृत्युपत्र सुद्धा चालत नाही. आणि ४०१ के मधून आयआरए मध्ये जाताना बहुतेक प्लॅनमध्ये जोडीदाराची सही लागतच नाही, म्हणजे एका चेकने ते कवच जातं आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला कळतही नाही. फॉर्म किती पक्का असतो याचा एक खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, २००९ चा निकाल आहे. ड्युपाँटमध्ये काम केलेला केनेडी नावाचा माणूस, घटस्फोट झालेला, बायकोने घटस्फोटात त्या पैशांवरचा हक्क सोडलेला, पण त्याने फॉर्म बदलला नाही. तो गेल्यावर चार लाख डॉलर त्या आधीच्या बायकोलाच मिळाले, मुलगी कोर्टात भांडली आणि हरली. सगळ्या न्यायाधीशांचं एकमत, प्लॅनने कागदावरचं नाव बघायचं. मी ते वाचलं आणि मला आईची पिशवी खुंटीला लटकलेली दिसली.

नवीन फॉर्मवर मी नवऱ्याचं नाव घातलं, आणि त्याच्या मागे, म्हणजे तो नसेल तर, मुलीचं. मुलीला फोन करून सांगितलं की अशी अशी खाती आहेत, कपाटात निळी फाइल आहे, त्यात सगळ्यांचे नंबर आहेत. ती म्हणाली, आई, तू आत्ता हे का सांगतेयस, तू बरी आहेस ना? मी म्हटलं बरी आहे गं, बरी आहे म्हणूनच सांगतेय. मग ती थोडा वेळ गप्प होती आणि मग तिने विचारलं फाइल कोणत्या कपाटात, वरच्या का बेसमेंटमधल्या.

जुन्या खात्याचं ते पान बंद होण्याआधी मी प्रिंट करून घेतलं, आईच्या नावाचं. ते पण निळ्या फाइलमध्ये आहे, सगळ्यात मागे.

दुसऱ्या नोकरीचे ३,१८५ एप्रिलमध्ये आले, त्याच खात्यात टाकले. तिसऱ्या नोकरीचं मोठं खातं इलेक्ट्रॉनिक आलं, नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत मी रोज सकाळी उठून बघत होते. आता नवऱ्याची दोन जुनी खाती राहिलीत, एक टेक्सासचं आणि एक शिकागोचं. टेक्सासचं सापडलं. शिकागोच्या कंपनीचा फोन गेली चाळीस मिनिटं स्पीकरवर होल्डवर आहे, बाजूला तो वही घेऊन बसलाय, आणि वहीत वर त्याने माझ्याच अक्षरातली एक ओळ चिकटवलीय: आधी विचारायचं, चेक कोणाच्या नावाने काढणार.